डावी पाकळी

"जी जखम करू ती भरू द्यायची नाही," डॉक्टर शिंत्रेबाई म्हणाल्या, आणि मी आणि माझा नवरा दत्ताराम एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

आंबेखोलहून पहिली एसटी पकडून, घाटात दोनदा ओकून मी कोल्हापूर गाठलं होतं ते हे ऐकायला? डॉक्टरकडे माणूस जातो तो जखम भरावी म्हणून. आणि ही बाई म्हणते, भरू देऊ नका.

बाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. दत्तारामचा सगळा जबडा त्यात दिसत होता, दातांसकट. उजवीकडे जिथं हाड पांढरं दिसायला हवं तिथं मोठा काळा फुगा होता आणि त्याच्या तळाशी एक अक्कलदाढ आडवी होऊन पडली होती.

"ही पाण्याची गाठ आहे. कॅन्सर नाही, तुकडा तपासून आलाय, त्यामुळे घाबरू नका. पण ती फुगत गेली आणि आतून हाड खात गेली. खालची कड राहिलीय ती अंड्याच्या टरफलाएवढी पातळ."

"मगे काढून टाका," दत्ताराम म्हणाला.

"काढता येईल. पण एवढी गाठ एकदम काढायची तर हाडही जाणार. अर्धा जबडा काढायचा आणि तिथं धातूची पट्टी बसवायची. पुन्हा पुन्हा यायला नको. दुसरा रस्ता लांबचा आहे. तोंडातून गाठीला एक खिडकी पाडायची आणि कडा हिरडीला शिवून टाकायच्या. आत पाणी साचलं नाही की गाठीचा जोर जातो. ती आकसत जाते आणि तिच्या मागून हाड भरत येतं. वर्ष जाईल, जास्तही जाईल. मग उरलेली लहान गाठ काढायची. जबडा तुमचा तुम्हाला."

"आणि ती खिडकी?" मी विचारलं.

"ती बंद झाली की सगळं मुसळ केरात. आत पुन्हा पाणी साचणार. म्हणून तर सांगते, भरू द्यायची नाही. मी तिच्यात एक बूच बसवून देते. ते काढायचं, मिठाच्या पाण्यानं आतून धुवायचं आणि लगेच परत लावायचं. बूच बाहेर राहिलं की हिरडी जवळ आलीच म्हणून समजा."

दत्तारामनं एकच प्रश्न विचारला. "अर्धो जबडो काढलो तर माका गाऱ्हाणा घालूक येतला?"

बाईंना गाऱ्हाणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी सांगायला लागले, की हे आमच्या गावच्या रवळनाथाचे गुरव, कोणाच्या घरी काही अडलं नडलं की देवापुढे उभं राहून त्याच्या वतीनं मागणं मागतात. पण दत्तारामला दम कुठला? तो खुर्चीवरून उठला, हात जोडले आणि सुजलेल्या गालानंच सुरू झाला.

"बा देवा रवळनाथा! आज ह्या तुझा लेकरू कोल्हापुरास येवन् उभा ऱ्हवला आसा. तेच्या गालात जी काय पीडा शिरली आसा ती इल्या वाटेन भायर काढ! ह्या डॉक्टरीणबाईच्या हाताक यश दी! तिच्या कामात कोण आडवो येत असात तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

दत्तारामचा आवाज देवळाच्या मापाचा होता, दवाखान्याच्या नव्हे. बाहेर बाकावर बसलेला कोणीतरी आमच्याकडचाच असणार, त्यानं तिथूनच मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा!" नर्सच्या हातातली वाटी खाली पडली. शिंत्रेबाई हसून हसून खुर्चीत मागं रेलल्या.

हसू ओसरल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "अर्धा जबडा गेला तर हे असं येणार नाही, दत्ताराम. शब्द चघळल्यासारखे येतील. हाच आवाज ठेवायचा असेल तर लांबचा रस्ता धरा आणि धीर सोडू नका."

"धरलो," तो म्हणाला.

माझ्या नवऱ्याचं नाव मी असं धडधडीत घेते याचं कोणाला नवल वाटेल. सासू होती तोवर मी ‘हे’ म्हणायचे. ती गेल्यावर समोर ‘तुमी’ आणि पाठीमागे सरळ दत्ताराम. त्यालाही ते माहीत होतं.

शिमगा होऊन गेला होता तेव्हा ऑपरेशन झालं. गाठीतून वाटीभर पाणी निघालं म्हणे. आधी औषधाची पट्टी भरली होती, तिच्या वासानं मांजरसुद्धा त्याच्या मांडीवर बसेना. मग गुलाबी रंगाचं बूच आलं, करंगळीच्या पेराएवढं. रोज संध्याकाळी पडवीच्या पायरीवर तो आ करून बसायचा, मी बूच काढायची आणि सुई नसलेल्या पिचकारीनं आत पाणी मारायची. खिडकीतून भाताची शितं बाहेर पडायची, कधी माशाचा बारीक काटा.

"गे, माझ्या तोंडात तुझा दुसरा रांदपघर झाला," तो म्हणायचा.

"पयल्याचा भाडा दिलास तेव्हा दुसऱ्याचा देशात," मी म्हणायची आणि बूच पुन्हा दाबून बसवायची.

ते दिवस बरे होते. आमचं पोर तेव्हा आजोळी शिकत होतं, घरात आम्ही दोघंच. दुसऱ्याच्या तोंडात रोज डोकावून बघायला मिळावं एवढी जवळीक लग्नाच्या इतक्या वर्षांत आमची कधी झाली नव्हती. वैशाखात आम्ही दाखवायला गेलो तेव्हा बाईंनी नवा एक्स-रे काढला आणि पेनाच्या टोकानं काळ्या फुग्याच्या कडेची धुरकट रेघ दाखवली. "हे नवं हाड. येतंय बघा." दत्तारामनं तो एक्स-रे गावभर दाखवला.

तिथंच चुकलं असावं. गावाला एक्स-रे दाखवला की गाव प्रश्न विचारणारच.

एका संध्याकाळी मी पिचकारी मारत असताना त्याच्या चुलतभावाची, जयरामची, बायको शेण मागायला आली. पायरीखाली पडलेली शितं तिनं बघितली. कधीची म्हणून विचारलं. मी भोळेपणानं सांगितलं, दुपारची असतील, नाहीतर कालची. ती शेण न घेताच गेली.

दोन दिवसांनी आबा गावकर आले. देवळातले पहिले मानकरी, दत्तारामच्या बापाच्या वयाचे. त्यांच्याबरोबर जयराम होता; तोही गुरवच, पण पूजेची पाळी तेव्हा आमच्या घराकडे होती. आबा वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. पायरीवर बसून आधी त्यांनी पाणी मागितलं, मग शेतीची चौकशी केली, आणि मग खाली बघत म्हणाले, "दत्ताराम, गुरवान पूजा करूची ती उपाशी पोटी आणि धुतल्या तोंडान. ह्या तुका सांगूक नको."

"चूळ भरतंय मी, आबानू. तीनदा."

"चूळ भरतंस रे. पण त्या बुचाच्या मागे कालचा उष्टा ऱ्हवता. तसोच तू गाभाऱ्यात जातंस."

"डॉक्टरीणबाईन सांगितला हा, बूच भायर ठेवूचा नाय."

"म्हणान सांगतंय. वरीसभर जयरामाक करूंदे. बरो झालंस की तुझी पाळी तुका."

जयराम जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. जयरामकडे एकदा पूजा गेली की गाऱ्हाणंही गेलं, आणि गाऱ्हाणं गेलं की लोक त्याच्या दारात जायला लागणार, हे न कळण्याइतका दत्ताराम खुळा नव्हता. त्याच्या चुलत्यानं असंच एका सालासाठी कोणाला तरी दिलेलं काम परत कधी आलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "देवाक विचारूया."

आबांनी सोमवार ठरवला. आमच्याकडे अडलेलं देवाला विचारायची रीत आहे. त्याला कौल लावणं म्हणतात. देवाच्या पाषाणाच्या छातीवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. आणि पाकळ्या लावायच्या त्या गुरवानंच, कारण पाषाणाला दुसऱ्या कोणी शिवायचं नाही. पाळी दत्तारामची होती. म्हणजे स्वतःचा कौल त्यालाच लावायचा होता, आणि यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

सोमवारी सगळा गाव जमला. बायका मंडपाच्या कडेला, मी खांबाला टेकून. दत्ताराम आत पाठमोरा, ओला पंचा, हात पाण्यात बुडवून पाकळ्या लावत होता. मग आबांनी विचारलं, तोंडात बूच असताना ह्या गुरवाच्या हातची पूजा चालेल का.

आम्ही बघत राहिलो. पंखा नव्हता, वारा नव्हता. देवळातली पाल तेवढी एकदा चुकचुकली आणि कोणीतरी तिला गप्प कर म्हणालं. मग उजवी पाकळी हलली, घसरली आणि पाषाणाच्या पायाशी पडली.

"उजवो दिलो!" आबा सगळ्यांच्या आधी ओरडले. त्यांनाच सगळ्यांत जास्त बरं वाटलं होतं. जयरामनंही हात जोडले. मी तर रडलेच. लोक नारळ फोडून घरी गेले, मी दत्तारामसाठी थांबले. डावी पाकळी अजून तशीच चिकटून होती. ती त्यानं नखानं खरवडून काढली आणि तांब्यात टाकली. त्याचा चेहरा कौल मिळालेल्या माणसाचा नव्हता, पण मी म्हटलं, दमलाय.

त्यानंतर पाऊसकाळ आला आणि आम्ही कामात बुडालो. संध्याकाळी पिचकारी चालूच होती. फक्त बूच काढताना मला एक नवा वास यायला लागला. आधी औषधाचा यायचा, आता चंदनाचा. गुरवाच्या घरात चंदनाचा वास येणार नाही तर कोणाच्या? मला उलट बरं वाटलं. म्हटलं, देवाचा हात लागला.

मग पिचकारीचं टोक नीट जाईना.

"ह्या भोक बारीक झाला," मी म्हटलं.

"आकसतलाच. बायच म्हणाली नव्हती, गाठ आकसतली म्हणान?"

म्हणाल्या होत्या खऱ्या. बूचही मला लहान वाटलं, पण करंगळीचं पेर काय आणि चिंचोका काय, संध्याकाळच्या उजेडात मी कुठं मापं काढत बसू? पुढं पुढं तो म्हणायला लागला, "आता माझा मी करतंय, तू चुलीकडे बघ." कोल्हापूरला जायची तारीख आली तर म्हणाला, पाळी सोडून कसो जाव. दुसरी आली तेव्हा देवाची जत्रा होती. गालाची सूज उतरली होती. तो खणखणीत गाऱ्हाणी घालत होता, आजूबाजूच्या गावांतून लोक यायला लागले होते. दिवाळीच्या सुमारास एकदा मी आ करायला लावलं तर आत नुसती गुळगुळीत हिरडी.

"बूच खय आसा?"

"ऱ्हवता खय आता? बरा झाला ह्या."

"बाईंका दाखवया."

"शिमगो झालो की जावया."

दिवाळी ते शिमगा. गाठीला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात नारळाचा प्रसाद वाटला. दत्तारामनं एक खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि दाताखाली चावला. मी शेजारी होते. मला आवाज आला, सुकी काटकी पायाखाली यावी तेवढाच. त्यानं गालावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दुखण्यापेक्षा दुसरंच काहीतरी होतं. चोराला पकडल्यावर तो बघतो तसं.

शिंत्रेबाईंनी नवा एक्स-रे खिडकीत धरला आणि त्याच्या शेजारी वैशाखातला. वैशाखातली ती धुरकट रेघ गेली होती. काळा फुगा पहिल्यापेक्षा मोठा होता आणि खालची कड मधोमध तुटली होती.

"हाड येत होतं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "इतकं छान येत होतं. बूच कुठंय?"

दत्तारामनं खिशातून कागदाची पुडी काढून दिली. बाईंनी उघडली. बूच कुठलं ते, मसुराच्या दाण्याहून थोडं मोठं. त्यांनी ते बोटांत फिरवलं. "हे कोणी घासलं?"

तुटलेल्या जबड्यानं दत्तारामला बोलता येत नव्हतं, त्यानं नजर तेवढी खाली वळवली. मी ते बूच नाकाशी नेलं. चंदनाचा वास. आमच्या घरातल्या सहाणेवर, जिच्यावर देवासाठी गंध उगाळायचं तिच्यावर, त्यानं ते झिजवलं होतं. हिरडी जवळ येत गेली तसं बूच लहान करत गेला होता, म्हणजे मला संध्याकाळी कळू नये.

"पण हिरडी जवळ आली कशी?" बाई मला विचारत होत्या. "बूच सतत असतं तर ती येत नाही. रोज तासन्‌तास बाहेर राहिलं असणार. का?"

मला काय माहीत? मी त्यांना सांगितलं, की देवानं परवानगी दिली होती बाई, उजवा कौल दिला होता, बूच काढायचं काही कारणच नव्हतं. दत्तारामनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

अर्धा जबडा काढला. पट्टी बसवली. बाईंनी जीव ओतून काम केलं, चेहरा फारसा बिघडला नाही. पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता तसाच राहिला, देवळाच्या मापाचा, फक्त त्यातले शब्द विरघळले. पहिल्यांदा देवळात उभा राहून त्यानं गाऱ्हाणं घातलं तेव्हा लोकांनी मान खाली घातली, आणि ‘व्हय म्हाराजा’ कुठं म्हणायचं ते कोणाला कळेना. एकजण मध्येच म्हणाला, बाकीचे मग मागून. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी दत्तारामनं स्वतःच जयरामला बोलावणं पाठवलं. पूजा दत्ताराम करायचा, तिला तोंड लागत नाही. गाऱ्हाणं जयरामकडे गेलं ते गेलंच.

आबा गावकर एकदा पायरीवर येऊन बसले. "तुका देवान उजवो दिल्लो रे," एवढंच म्हणत राहिले. "तुका खरा म्हणजे कायच भ्या नव्हता." दत्ताराम त्यांच्या पायाशी बघत बसला होता.

मी त्याला पुष्कळदा विचारलं. रागानं विचारलं, रडून विचारलं. का काढत होतात? त्याचं बोलणं गावात फक्त मला कळायचं, म्हणून आपले शब्द कोणाला कळत नाहीत ही सबबही त्याला सांगता येईना. तो उठून जायचा.

आणि मग एक दिवस, दुपारची वेळ होती, देवळात चिटपाखरू नव्हतं. मी मंडप झाडत होते. दत्ताराम गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागला. किती वर्षांनी! मी झाडू खाली ठेवला.

दुसऱ्या कोणाला तो नुसता हुंकार वाटला असता. मला शब्दन्‌शब्द कळत होता.

"बा देवा रवळनाथा. तुका कौल लायलंय तेव्हा डाव्या पाकळेक गंध लायलंय मी. चंदनाचा, घट्ट. उजवेक नुसता पाणी. तुका विचारलंय खरा, पण तुझा तोंड मीच धरून ठेवलंय रे म्हाराजा. तू काय म्हणतलंस होतंस ता मी आयकूकच नाय. मगे त्या उष्ट्या बुचान तुझ्या म्होरे कसो येव? म्हणान रोज सकाळी काढून ठेवी. पूजा होयसर, नैवेद्य होयसर. कधी दुपार होय. लोकांक उजवो सांगितलंय, पण माका ठावक होता."

मी खांब धरला. तोच खांब.

मी देवभोळी आहे की नाही ते मला माहीत नाही, पण हिशोब मला कळतो. त्या सोमवारी त्यानं गंध लावलं नसतं तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. डावी पडली असती, तर जयरामनं साल-दोन साल पूजा केली असती आणि दत्ताराम बूच लावून घरी बसला असता. उजवी पडली असती, तर तो बूच लावून ताठ मानेनं गाभाऱ्यात गेला असता. देव काहीही म्हणाला असता तरी जबडा राहिला असता. गाऱ्हाणं आज ना उद्या परत आलं असतं. त्याला फक्त थांबून बघायचं होतं, कुठली पडते ते.

हे मी त्याला कधी बोलले नाही. तो मागच्या साली गेला, तेव्हाही नाही. त्याला ते माझ्या आधी कळलेलं असणार, आणि ते घेऊन तो इतकी वर्षं रोज पाषाणाला आंघोळ घालत होता. त्याच्यासाठी माझा जीव अजून तुटतो.

"चुकला माकला पदरात घी," त्या दुपारी शेवटी दत्ताराम म्हणाला आणि थांबला.

गाऱ्हाण्याला मागून कोणीतरी रुकार द्यावा लागतो, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही म्हणतात. तो बाप्यांनी द्यायचा असतो, बायका देत नाहीत. देवळात दुसरं कोणी नव्हतं. दत्ताराम हात जोडून तसाच उभा होता, मागं न बघता, वाट बघत.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.